पन्नाशीतला रॅपर आणि परिपक्वतेचा प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. सत्तरी ओलांडलेल्या आणि जन्मभर वर्गात ॲरिस्टॉटल शिकवलेल्या माणसाने हिप हॉपवर काय बोलायचं? पण आमचा विषय तसा जुनाच आहे. कलावंताचं वय वाढलं म्हणजे त्याची कला पिकते की नुसतीच जुनी होते, हा तो विषय. तो हिप हॉपच्या निमित्ताने मांडायचं कारण असं, की या एका कलाप्रकारात हा प्रश्न आपल्या डोळ्यांदेखत पहिल्यांदाच उभा राहिला आहे. बाकीच्या कलांमध्ये त्याची उत्तरं परंपरेने कधीच देऊन ठेवलेली आहेत. इथे ती अजून शोधली जात आहेत, आणि शोधणारी माणसं हयात आहेत.

या कलेची जन्मतारीखही सांगितली जाते, बरं का. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा उघडण्याआधी एक पार्टी ठेवली. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, त्याला आपण डीजे कूल हर्क म्हणून ओळखतो. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. म्हणजे पोरांनी पोरांसाठी सुरू केलेली ही कला. २०२३ मध्ये तिला ५० वर्षं झाली, आणि तिच्यातली माणसंही पन्नाशीला आली. त्यांच्या पुढे चालणारं, या कलेत म्हातारं कसं व्हायचं ते दाखवणारं कोणीही नव्हतं.

आणखी एक गोष्ट. या कलेतल्या दोन सर्वांत मोठ्या नावांना म्हातारपण मिळालंच नाही. टुपाक शकूर १९९६ मध्ये गेला तेव्हा २५ वर्षांचा होता. नोटोरियस बी.आय.जी. १९९७ मध्ये गेला, २४ वर्षांचा. दोघेही गोळ्या लागून गेले. ज्या वस्त्यांतून ही कला आली तिथे तरुण पोराने चाळिशी बघणं गृहीत धरता येत नव्हतं. त्यामुळे म्हातारपण हा विषय गाण्यात येणार कुठून? तरुणपणी मेलेला कवी कायमचा तरुण राहतो. जे जगले त्यांना मात्र पुढे काय म्हणायचं हे ठरवावं लागलं. म्हणून हा प्रश्न आम्हाला केवळ अभिरुचीचा वाटत नाही. ज्यांनी जगणं धरूनच चाललं नव्हतं, त्यांनी जगल्यावर काय बोलावं, असा तो आहे.

आता आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्या माणसाला यात अडचण काय आहे तेच कळायचं नाही. मल्लिकार्जुन मन्सूर सत्तरीत गायला बसत तेव्हा त्यांचं वय ही कोणाला उणीव वाटत नव्हती; त्या वयाचं गाणं ऐकायलाच लोक जमायचे. बंदिशीत नायिका सख्याची वाट पाहत असते, आणि गाणारे बुवा सत्तरीचे असतात. 'बुवा, या वयात हे काय?' असं कोणी विचारत नाही. का विचारत नाही? कारण बंदिशीतला 'मी' हा बुवांचा 'मी' नसतो. तो परंपरेचा असतो. बुवा त्याला काही काळ आपला आवाज उसना देतात.

रॅपमध्ये करार वेगळा आहे. तिथे 'मी' म्हणणारा आणि माइक हातात धरणारा एकच, असं मानायचं. रॅपर कडव्यात स्वतःचं नाव घेतो, गल्लीचं नाव घेतो, शत्रूचं नाव घेतो. शब्द दुसऱ्याने लिहून दिले असतील तर त्याची अब्रू जाते. आता हे सगळं खरं असतंच असं नाही. त्यात सोंग असतं, अतिशयोक्ती तर भरपूर असते. पण करार तो आहे, आणि तो ध्वनिमुद्रित झालेला आहे. विसाव्या वर्षी जे बोललात ते पन्नासाव्या वर्षीही लोक तुम्हाला वाजवून दाखवतात. ख्याल गवयाला वय झाकून घेतं. रॅपरच्या विरुद्ध मात्र त्याच्याच आवाजातला पुरावा जमा होत जातो.

ॲरिस्टॉटलचा 'ऱ्हेटरिक' हा ग्रंथ आमच्या वर्गात फार वाचला जायचा नाही, पण त्याच्या दुसऱ्या भागात वयांविषयी तीन सुरेख प्रकरणं आहेत. तरुण आशेवर जगतात, म्हातारे आठवणींवर जगतात, असं तो म्हणतो. म्हातारे सतत झालेल्या गोष्टी सांगत बसतात, कारण त्यांना आठवण्यातच सुख वाटतं. आणि या दोघांच्या मध्ये ऐन भरातला माणूस: सगळ्यांवर विश्वास टाकणारा नाही आणि सगळ्यांवर संशय घेणाराही नाही. मग तो आकडे देतो. शरीर ३० ते ३५ च्या दरम्यान भरात असतं, आणि मन साधारण ४९ व्या वर्षी. हा ४९ चा आकडा विनोद म्हणून घेतला तरी चालेल, पण ध्यानात ठेवा. आज आपण जे अल्बम बघणार आहोत ते ४७, ४८, ५० या वयांत केलेले आहेत.

तर आमचं म्हणणं असं. रॅपर परिपक्व झाला हे त्याच्या गाण्यात मुलंबाळं, घटस्फोट आणि गुंतवणूक आली यावरून ओळखता येत नाही. तरुणपणी ज्या 'मी'ची त्याने बढाई मारली, त्या 'मी'ला तो जाब विचारतो का, हे बघायचं. आणि ते रॅपच्याच हत्यारांनी करतो का, हेही. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. नाहीतर जाब विचारायला आत्मचरित्र लिहिता येतं, मुलाखत देता येते.

आधी दोन फसलेली उदाहरणं घेऊ, दोन्ही २००६ सालची. जे-झीने २००३ मध्ये 'द ब्लॅक अल्बम' काढून निवृत्ती जाहीर केली होती. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा मोठा कार्यक्रमही केला. वय ३३. तीन वर्षांनी तो 'किंगडम कम' घेऊन परतला. त्यात तिशीवरचं एक गाणं आहे. आपण आता मोठे झालो, पोरकटपणा सोडला, उधळपट्टीच्या जागी बँकेतली पत आली, असा त्याचा सूर. ऐकताना काय जाणवतं? परिपक्वता जाहीर होते आहे, घडत काहीच नाही. बढाई जशीच्या तशी आहे, फक्त बढाईचा माल बदलला. काल सोन्याच्या साखळीची होती, आज समंजसपणाची. 'मी तुमच्यापेक्षा मोठा' हे वाक्य जागचं हललेलं नाही.

त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २००६ मध्ये, नाझ या त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याने अल्बम काढला. नाव 'हिप हॉप इज डेड', म्हणजे हिप हॉप मेलं. वय पुन्हा ३३. ॲरिस्टॉटलचा म्हातारा इथे वेळेआधीच हजर झालेला दिसतो. आमच्या काळी असं नव्हतं, आताच्या पोरांना काही येत नाही, बाजाराने सगळं नासवलं. यातली काही निरीक्षणं खरी आहेत. पण 'आमच्या काळी' म्हणणं ही परिपक्वता नव्हे, हे आम्ही स्वतःच्या वयाच्या लोकांत रोज बघतो. त्यात माणूस जगाला जाब विचारतो आणि स्वतःला मोकळं सोडतो. एकाने स्वतःला प्रौढ जाहीर केलं, दुसऱ्याने कलेला मृत जाहीर केलं. आणि दोघांनाही त्या जाहिरातीमागे जाऊन काम करायला आणखी दहा वर्षं लागली.

आता तिसरा मार्ग. आउटकास्ट या जोडीतला आंद्रे ३००० हा रॅपमधल्या थोर शब्दकारांपैकी एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ४८ व्या वर्षी, त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला, 'न्यू ब्लू सन'. त्यात एकही शब्द नाही. बासरी आहे, सुषिर वाद्यं आहेत, लांब पसरलेले सूर आहेत. पहिल्याच तुकड्याच्या शीर्षकात त्याने सांगून टाकलंय की रॅपचा अल्बम करायची खरंच इच्छा होती, पण वाऱ्याने या वेळी इकडे नेलं. त्या सुमारास एका मुलाखतीत तो म्हणाला की या वयात रॅप करणं आपल्याला कधीकधी खोटं वाटतं. बोलायचं कशाबद्दल? आतड्याच्या तपासणीबद्दल? अधू होत चाललेल्या नजरेबद्दल?

या प्रामाणिकपणाचा आम्हाला आदर वाटतो. आपल्याकडेही हा मार्ग अनोळखी नाही. पेशवाईतला शाहीर राम जोशी ऐन उमेदीत लावण्या रचत आणि गात होता, आणि उत्तरायुष्यात कीर्तनाकडे वळला, असं परंपरा सांगते. शृंगाराचा प्रकार वयाला पेलेना तर भांडायचं कशाला, प्रकारच बदलावा. हे शहाणपण आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: तो प्रकार मुळात तरुणांचाच आहे, त्यात म्हाताऱ्याला जागा नाही. आंद्रेच्या त्या प्रश्नातही तेच गृहीत आहे, आणि तिथे आमचा मतभेद आहे.

नजर अधू होणं हा रॅपचा विषय का होऊ नये? रॅपची सर्वांत मोठी ताकद कोणती? तपशील. कोपऱ्यावर कोण उभं आहे, जिन्यात कसला वास आहे, खिशात किती पैसे उरलेत. उपनिषदांचं सार सांगायला हा प्रकार जन्मलेला नाही. आजचा दिवस कसा गेला ते सांगायला जन्मलाय. मग त्या दिवसात दवाखाना आला तर बिघडलं काय? आणि हे नुसतं आमचं अनुमान नाही. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टमधल्या फाइफ डॉगने १९९३ मध्येच, जेमतेम बाविशीत, आपल्या मधुमेहाचा उल्लेख गाण्यात केला होता, तोही कुरकुर म्हणून नव्हे, ऐटीत. पुढे त्याच आजाराच्या गुंतागुंतीने तो २०१६ च्या मार्चमध्ये गेला, ४५ व्या वर्षी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गटाचा शेवटचा अल्बम आला. आधीच्या अल्बमनंतर १८ वर्षांनी. त्यात फाइफचा आवाज आहे, आणि त्याच्या जाण्यावर जोडीदारांनी केलेली कडवीही आहेत. एकाच अल्बमवर माणूस बोलतोही आहे आणि त्याचा शोकही चालला आहे. आजारपणाला रॅपमध्ये जागा नाही, हे म्हणणं इथे टिकत नाही.

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. जून २०१७ मध्ये जे-झीचा 'फोर फोर्टी-फोर' आला. वय ४७. हा अल्बम समजून घ्यायचा तर त्याच्या आधीची दोन पानं उलटावी लागतात. एक, २०१० मध्ये त्याने स्वतःच्या गीतांचं भाष्यासह पुस्तक काढलं, 'डिकोडेड' नावाचं. त्या सुमारास त्याने सांगितलं की 'बिग पिंपिन' या त्याच्या गाजलेल्या गाण्याचे शब्द कागदावर वाचताना त्यालाच ते सोसवेनात. स्त्रियांना वस्तू मानणारं ते गाणं आहे. नाचताना ऐकू आलं नव्हतं ते वाचताना दिसलं. पण हे झालं मुलाखतीत. गाणं जागच्या जागी राहिलं. दोन, एप्रिल २०१६ मध्ये त्याची पत्नी बियॉन्से हिने 'लेमोनेड' काढला, आणि नवऱ्याच्या प्रतारणेने मोडलेल्या घराची कहाणी जगासमोर मांडली. म्हणजे 'फोर फोर्टी-फोर' हा आपणहून दिलेला कबुलीजबाब नाही. फिर्याद आधी दाखल झाली होती. हा जबाब आहे.

पहिल्याच गाण्याचं नाव 'किल जे-झी'. म्हणजे जे-झीला मारा. आता रॅपची एक जुनी रीत तुम्हाला माहीत असेल: प्रतिस्पर्ध्याचं नाव घेऊन त्याची लक्तरं काढायची. याच जे-झीने २००१ मध्ये नाझवर असा हल्ला केला होता आणि नाझने त्याच वर्षी त्याहून जहाल उत्तर दिलं होतं. दोन्ही गाणी आजही या प्रकारातला मानदंड मानली जातात. 'किल जे-झी'मध्ये तीच रीत आहे, तोच सूर, तीच नाव घेऊन केलेली चिरफाड. फक्त समोर उभा केलाय तो स्वतःला. सोळा वर्षं धार लावलेलं हत्यार त्याने फिरवून धरलं. आम्ही वर म्हटलं ना, रॅपच्याच हत्यारांनी, त्याचा अर्थ हा. इथे जे घडतं ते आत्मचरित्रात घडणार नाही, कारण आत्मचरित्राला ही शिवी देण्याची कला येत नाही.

शीर्षकगीत म्हणजे बायकोची मागितलेली माफी. पहाटे ४ वाजून ४४ मिनिटांनी जाग आली आणि लिहायला बसलो, असं त्याने सांगितलंय. गाण्याची लांबीही ४ मिनिटं ४४ सेकंद. इथे शब्दांइतकंच सांगणं महत्त्वाचं. तरुण जे-झीची ख्याती काय होती? शब्द सहज, तालावर पाय टाकून बसल्यासारखे यायचे. या गाण्यात तो तालाच्या मागे पडतो, थांबतो, ओळी वाकड्या ठेवतो. चाळिशीतल्या कसलेल्या माणसाला यमक जुळवता येत नव्हतं असं थोडंच आहे? जुळवलं असतं तर माफी सफाईदार झाली असती, आणि सफाईदार माफीवर कुठली बायको विश्वास ठेवते?

मागचा आधारसूरही बघा. नो आय.डी. या एकाच निर्मात्याने सगळा अल्बम बांधला आणि त्यात नीना सिमोन, डॉनी हॅथवे, स्टीव्ही वंडर यांच्या जुन्या तबकड्यांचे तुकडे वापरले. पण हिप हॉप तर पहिल्या दिवसापासून आई-बापांच्या तबकड्यांवरच उभं आहे. कूल हर्क दुसरं काय करत होता? १८ व्या वर्षी त्या तबकड्यांतला नाचाचा ठेका तेवढा उचलला जायचा. ४७ व्या वर्षी ते आवाज काय म्हणत होते हेही ऐकू येऊ लागतं. 'स्माइल' या गाण्यात तर त्याची आई, ग्लोरिया कार्टर, स्वतःच्या आवाजात बोलते. तिने आयुष्यभर लपवून ठेवलेलं स्त्रीप्रेम मुलगा तिथे उघडपणे साजरं करतो. ज्या प्रकारात समलिंगी माणसाला शिवी देणं रोजचं होतं, त्यात ही गोष्ट लहान नव्हे.

इथवर स्तुती झाली. आता दोन आक्षेप, आणि ते गंभीर आहेत. पहिला पैशाचा. या अल्बमवर जे-झी कृष्णवर्णीय तरुणांना सल्ले देतो: मालमत्ता घ्या, चित्रं घ्या, किंमत वाढेल, वारसा ठेवा. वर्णद्वेषाच्या इतिहासाला उत्तर म्हणून हे येतं, आणि त्यामागची व्यथा खरी आहे. पण इथे तो जाब विचारायचं थांबवतो. २००६ ची बढाई उपदेशाचे कपडे घालून परत येते. ज्याच्याकडे मुळात घ्यायला काही नाही त्याला, तू वेळेवर घेतलं नाहीस, असं सांगणं हे वडीलधाऱ्यांचं फार जुनं पाप आहे. ते आपल्या दिवाणखान्यांतही चालतं.

दुसरा आक्षेप माफीचा. जाहीर माफीत माफी मागणाऱ्याचा फायदा होतो. दुखावलेली व्यक्ती गाण्याचा विषय बनून राहते. बियॉन्सेच्या बाबतीत तोल थोडा सांभाळला गेला, कारण ती स्वतः त्याच्याइतकीच मोठी कलावंत आणि तिचं म्हणणं आधी येऊन गेलेलं. पण नाझचा २०१२ चा 'लाइफ इज गुड' घ्या. मुखपृष्ठावर तो बसलाय आणि मांडीवर घटस्फोटित पत्नीचा हिरवा लग्नपोशाख. फार बोलकं चित्र. त्यात वेदना आहे, मुलीच्या बापाची घालमेल आहे. पण त्या संसाराची दुसरी बाजू त्या अल्बमवर नाही, आणि चित्रातला पोशाख रिकामा आहे. तेव्हा आपण रसिकांनी एवढं सांभाळावं: गाणं प्रांजळ झालं म्हणजे माणूस निर्दोष झाला असं धरू नये. परिपक्वता आपण गाण्यात तपासू शकतो. घरातली तपासायला आपण तिथे नव्हतो.

नाझचा पुढचा प्रवास मात्र वेगळा आणि आम्हाला फार जिव्हाळ्याचा वाटतो. त्याची अडचण जे-झीच्या नेमकी उलट होती. १९९४ मध्ये, २० व्या वर्षी, त्याने 'इलमॅटिक' केला, आणि तो या कलेतला शिखरग्रंथ ठरला. त्यानंतर जे काही केलं ते त्या पोराच्या कामाशी ताडून पाहिलं गेलं. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये राष्ट्रीय वाद्यवृंदासोबत त्याने तो अल्बम सादर केला. चाळिशीचा माणूस, अंगात औपचारिक काळा पोशाख, आणि तोंडी विशीतल्या पोराची खिडकीतून पाहिलेली गल्ली. स्वतःच्याच तारुण्याचा पुजारी होऊन राहायची सोय होती.

तो राहिला नाही. २०२० च्या ऑगस्टपासून २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत त्याने हिट-बॉय या चौदा वर्षांनी धाकट्या निर्मात्याबरोबर सहा अल्बम केले. शेवटचा आला तो बरोबर त्याच्या ५० व्या वाढदिवशी. पहिल्याचं नाव 'किंग्ज डिझीज', राजांचा आजार. आपल्याकडे राजरोग म्हणजे क्षय. तिकडे हा संधिवाताचा प्रकार, खाण्यापिण्याच्या सुबत्तेतून येणारा. त्याच अल्बमला ग्रॅमी मिळालं, त्याच्या कारकिर्दीतलं पहिलं. या सहांत जे-झीसारखा एकही भूकंप नाही. मग काय आहे? रियाज आहे. रोज उठून काम करणारा माणूस आहे, आणि धाकट्याच्या ठेक्यावर बसायला लाजत नाही. हिप हॉप मेलं म्हणणाऱ्याने स्वतःच्या त्या वाक्याला भाषणाने उत्तर दिलं नाही, सहा अल्बमनी दिलं. तोही जाब देण्याचा एक प्रकार आहे. सहांतली सगळी गाणी सारखी टिकतील असं आम्ही म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी आठवणींचा पूर येतो आणि ॲरिस्टॉटलचा म्हातारा डोकावतो.

इथे ॲडोर्नोची आठवण काढायला हवी. बीथोव्हेनच्या उत्तरकालीन शैलीवर १९३७ मध्ये त्याचा एक छोटा निबंध आला. थोर कलावंताची शेवटची कामं पिकल्या फळासारखी गोड नसतात, असं तो म्हणतो. त्यांत भेगा असतात, तुटलेपण असतं. एडवर्ड सैदने आयुष्याच्या अखेरीस हाच धागा उचलला; त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, २००६ मध्ये, प्रसिद्ध झालं. जॅझविषयी इतकं कडू लिहिणारा ॲडोर्नो आपण त्याला रॅपच्या पंगतीला बसवलेलं पाहून रागावला असता, पण इलाज नाही. त्याची भेग इथे उपयोगी पडते.

जुलै २०२५ मध्ये क्लिप्स या दोघा भावांचा अल्बम आला, 'लेट गॉड सॉर्ट एम आउट', जोडी म्हणून १६ वर्षांनी. थोरला मॅलिस ५२ वर्षांचा, धाकटा पुशा टी ४८. यांचं नाव झालं ते कोकेनच्या धंद्यावरच्या थंड, कोरीव कडव्यांनी. थोरला मध्यंतरी धर्माकडे वळला, त्याने नावही बदलून घेतलं, आणि मग परतला. अल्बमची सुरुवात आई-वडिलांच्या मृत्यूने होते. थोड्याच महिन्यांच्या अंतराने दोघं गेले. धाकटा आईशी झालेलं शेवटचं बोलणं सांगतो, थोरला वडिलांबद्दल. आणि त्यानंतर? त्यानंतर पुन्हा तोच धंदा, तीच मिजास, तीच धार. कोणी म्हणेल, हे काय, रडून झाल्यावर परत जुनं दुकान उघडलं! आम्हालाही ऐकताना तो झटका बसला. पण विचार करता वाटतं, ही ॲडोर्नोची भेग आहे आणि ती त्यांनी लिंपली नाही, हे बरं केलं. माणसं अशीच असतात. तेराव्यानंतर दुकान उघडतातच. खोट एवढीच, की ते पहिलं गाणं पुढच्या गाण्यांकडे मान वळवून बघत नाही. आई-वडिलांना हा धंदा काय वाटत होता, हा प्रश्न त्या घरात एकदा तरी उठला असणार. तो गाण्यात आला असता तर हा अल्बम आमच्या लेखी आणखी वर गेला असता.

आतापर्यंत आम्ही सगळे पुरुषच घेतले, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते या कलेचंही दुखणं आहे. पुरुषाची दाढी पिकली की तो बुजुर्ग होतो, एल.एल. कूल जे याने ५६ व्या वर्षी नवा अल्बम केला, कोणाला वावगं वाटलं नाही. स्त्रीला मात्र वय वाढायला जागाच ठेवलेली नाही. लॉरिन हिलने १९९८ मध्ये, २३ व्या वर्षी, असा एक अल्बम केला की त्यातलं शहाणपण पन्नाशीतल्या पुरुषांनाही साधलं नाही. त्यानंतर तिचा दुसरा स्टुडिओ अल्बम आला नाही. मिसी एलियटचा पहिला अल्बम १९९७ चा. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेली ती पहिली स्त्री रॅपर, २०२३ साली. आणि स्वतःच्या नावाचा पहिला मोठा दौरा तिला करता आला तो २०२४ मध्ये, ५३ व्या वर्षी. पुरुषांचं सगळं उत्तरायुष्य ज्या वयात सुरू झालं त्या वयात बाईला पहिली संधी. तेव्हा परिपक्वतेची चर्चा करताना कोणाला पिकू दिलं जातं हेही विचारावं लागेल. नाहीतर आपण बागेतल्या उरलेल्या झाडांवरून फळांचे सिद्धांत बांधत बसू.

शेवटी आपल्या दाराशी. २०१९ च्या 'गली बॉय' चित्रपटाच्या निर्मात्यांच्या यादीत नाझचं नाव होतं, आणि त्याच वर्षी मुंबईचा डिव्हाइन त्याच्या कंपनीच्या भारतीय शाखेत पहिला कलावंत म्हणून गेला. डिव्हाइनचा जन्म १९९० चा. म्हणजे 'हिप हॉप मेलं' म्हणणाऱ्या नाझचं वय त्याने ओलांडलं. मराठीसह अनेक भाषांत रॅप करणाऱ्या स्वदेसी या मुंबईच्या गटातला एमसी तोडफोड मात्र २०२२ मध्ये गेला, २४ व्या वर्षी. म्हणजे आपल्याकडेही दोन्ही दारं उघडली आहेत: लवकर जाणाऱ्यांचं आणि मागे राहून वयाने वाढणाऱ्यांचं. मुंबईतली जी पोरं आज गल्लीचं नाव घेऊन छाती ठोकतात ती उद्या चाळिशीची होतील. गल्ली सुटलेली असेल, फ्लॅट झाला असेल, आवाज मात्र ध्वनिमुद्रित असेल.

त्यांना आमच्यासारख्या म्हाताऱ्याने काय सांगावं? उपदेशाविरुद्ध आत्ताच एवढं बोललो, तेव्हा जपून बोलतो. तुमचे जुने शब्द पुसू नका, त्यांची पूजाही बांधू नका. त्या पोराला समोर बसवा आणि त्याच्याशी भांडा, त्याच्याच भाषेत. तो तुमच्यापेक्षा जास्त जोरात बोलेल, बोलू द्या. वय झालेल्या रॅपरकडे एक गोष्ट अशी आहे जी ख्यालियाकडेही नाही: स्वतःच्या विसाव्या वर्षाचा शब्दशः पुरावा. तो ओझं म्हणून वाहायचा, की साक्षीदार म्हणून उभा करायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आणि आपण ऐकणाऱ्यांनी? पन्नाशीतला माणूस माइक हातात घेतो तेव्हा 'या वयात हे काय?' असं विचारायच्या आधी तो काय म्हणतो आहे ते ऐकावं. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने त्याचं मन आत्ता कुठे भरात आलं आहे. आमचं ते वय केव्हाच मागे पडलं, तेव्हा आम्ही इथेच थांबतो.